झारीवालीचा चेहरा

आंबेदऱ्याच्या लेण्यांखाली चहाची एक टपरी होती, आणि तिथे गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर फुकटचा सल्ला मिळायचा, "गाइड घ्यायचा तर गोरख खैरनार घ्या. बाकीचे बोलतात, तो दाखवतो." हे कानावर पडलं की गोरख खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करायचा, पण मनातून चांगलाच फुलायचा. चाळिशी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा माणूस. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट आणि गळ्यात दोरीला अडकवलेली काडी.

काडी म्हणजे सरकारी कागदांवरचा 'रंगशोधक'. एवढं जड नाव घेऊन डोंगर कोण चढणार? ती वाटली गेली त्याच आठवड्यात गाइड लोकांनी तिची काडी करून टाकली. दिसायला ती साध्या लेझर पॉइंटरसारखीच होती, मास्तर लोक फळ्यावर लाल ठिपका नाचवायला वापरतात तसली. आत जांभळा प्रकाश देणारा इवलासा लेझर आणि तोंडाशी एक भिंग, बस्स. पण तिने जे करून दाखवलं ते त्याआधी कोणाला जमलं नव्हतं.

गोष्ट अशी, की भिंतीवरचा जुना रंग उडून गेला तरी तो अगदीच जात नाही. लाखेच्या, मंजिष्ठेच्या तांबड्या रंगाचे कण गिलाव्याच्या बारीक छिद्रांत अडकून राहतात. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाहीत. पण ठरावीक जांभळा प्रकाश त्यांच्यावर पडला, की ते तो पितात आणि लगेच नारिंगी करून परत सोडतात. तो जांभळा आपल्याला जेमतेम दिसतो, नारिंगी मात्र स्वच्छ दिसतो. म्हणून काडीचा उजेड जिथे पडेल तिथे शेकडो वर्षांपूर्वी पुसलेलं चित्र जागं व्हायचं, आणि उजेड पुढे सरकला की पुन्हा झोपी जायचं. हात भरभर फिरवला तर डोळाच तुकडे जोडून घ्यायचा.

चौथ्या लेण्यात डाव्या भिंतीवर झारीवाली होती. दाराच्या चौकटीला टेकलेली बाई, एका हातात तोटीची झारी, खांद्यावरून पुढे आलेली वेणी, किंचित वाकलेली कंबर, हे सगळं साध्या डोळ्यांनी दिसायचं. चेहरा तेवढा नव्हता. मानेच्या वर नुसता पांढुरका गिलावा. कोणाच्याही आजोबा-पणजोबांनी तो चेहरा पाहिलेला नव्हता. काडी आली आणि चेहरा आला.

पण कसा आला, हे सांगायला हवं. काडीचं मूळ भिंग सपाट होतं, नखाएवढी काच आणि तिच्यावर डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी खांब. ते खांब लेझरचा उजेड थाळीएवढा पसरवून टाकायचे. त्यामुळे चित्र उमटायचं ते मंद, राखेतल्या निखाऱ्याइतकं. ते दिसायला आधी अंधारात गप्प उभं राहून डोळे सरावू द्यावे लागत. आणि आपल्याकडे वीस माणसं अंधारात गप्प उभी राहिलीत असं कधी झालंय का? कोणाचं पोर रडायचं, कोणी मोबाइल पेटवायचा, कोणी "अहो, माझा पाय तुडवलात" म्हणून ओरडायचं. मग सगळ्यांचे डोळे पुन्हा दिपायचे. शेवटी बाहेर पडताना एखादा गृहस्थ म्हणायचाच, "काहीतरी भगवं भगवं हललं बुवा. ह्याच्यासाठी एवढं चढायचं?"

हे वाक्य गोरखला लागायचं. त्याला वाटायचं, माणसं घरी जाऊन सांगणार की आंबेदऱ्यात काही नाही. लेण्यांचा अपमान तो स्वतःचा अपमान समजायचा. ह्यात लेण्यांवरचं प्रेम किती आणि 'तो दाखवतो' ह्या कौतुकाची चटक किती, हे तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

त्याचा मेहुणा अशोक तालुक्याच्या गावी भांड्यांचं दुकान चालवायचा. लग्नकार्यात द्यायच्या स्टीलच्या डब्यांवर, तांब्यांवर नावं घालून देणं हा त्याचा खरा धंदा. पूर्वी ते काम खिळ्याने टकटक करत व्हायचं, आता लेझर होता. एके दुपारी गोरखने त्याच्यासमोर काडी ठेवली आणि आपलं गाऱ्हाणं सांगितलं.

अशोकने काडी उलटसुलट करून पाहिली. "दाजी, आतला लेझर वाघ आहे. पण ह्या लोकांनी त्याच्या तोंडाला मुसकं बांधलंय."

"सोडवता येईल?"

"न यायला काय झालं?"

त्याने काडीचं पितळी तोंड फिरवून काढलं. आत रबराची चकती, तिच्यामागे बारीक स्प्रिंग, मध्ये ते सपाट भिंग. चिमट्याने उचलून त्याने ते काड्यापेटीत कापसावर ठेवलं. नावं कोरायच्या यंत्रातलं एक जुनं, फुगीर भिंग ड्रॉवरमध्ये पडून होतं. ते जरा सैल बसत होतं, म्हणून कडेने टेपचा वेढा दिला. फुगीर बाजू आत की बाहेर, ह्यावर दोघांचा थोडा वाद झाला. बाहेर ठेवल्यावर ठिपका नीट आवळला गेला. समोरच्या भिंतीवर कोणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका चिकटवलेली होती. तिच्या कोपऱ्यातल्या सुकलेल्या कुंकवावर रुपयाएवढा ठिपका पडला आणि कुंकू असं पेटलं, की अशोक म्हणाला, "आयला!"

त्या क्षणी गोरखला डॉक्टर इंगळे मॅडम आठवल्या नाहीत असं नाही. काड्या वाटल्या तेव्हा त्यांनीच गाइडांना प्रशिक्षण दिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "रंगाचा एकेक कण म्हणजे एकेक पणती समजा, आणि तिच्यातलं तेल मोजकं. प्रत्येक वेळी चमकला की थोडं तेल संपतं. ह्या भिंगातून पाहिलंत तर ते पुढच्या दहा पिढ्यांना पुरेल. तोच उजेड एका ठिकाणी गोळा केलात, तर तुमच्या डोळ्यांदेखत संपेल. भिंगाला हात लावायचा नाही." गोरखने हे लक्ष देऊन ऐकलं होतं. इतकंच नाही, हा पणतीचा दृष्टांत तो पर्यटकांना रोज सांगायचा, कारण तो ऐकून लोक गंभीर व्हायचे. त्याने मनाशी म्हटलं, भिंत केवढी मोठी आहे. आणि एवढ्याशा टिकलीने तिला काय होतंय?

त्यानंतर गोरखचे जे दिवस आले ते सोन्याचे. चौथ्या लेण्यात शिरायचं, दोन वाक्यं बोलायची आणि काडी उचलायची. आधी झारी, मग मनगट, मग वेणी. आणि लोकांचे श्वास थांबले की ठिपका गळ्यावरून वर न्यायचा, हनुवटी, ओठ, आणि डोळ्यांवर आणून थांबवायचा. तिथे तो हमखास थांबायचा. ती त्याची हातोटी होती. अंधारात एकदम "अगं बाई!" निघायचं. म्हातारी माणसं हात जोडायची. एक नवी नवरी हुंदका देऊन रडली होती. एक पहिलवान गडी तोंड उघडं ठेवून उभा राहिला, तो बाहेर काढेपर्यंत. ते उद्गार ऐकायला, ते चेहरे बघायला गोरख इतका सोकावला, की कोणी "पुन्हा एकदा दाखवा ना" म्हटलं की पुन्हा दाखवायचा. इतर गाइड विचारायचे, "तुझ्या काडीत काय आहे रे असं?" तो म्हणायचा, "हाताचा सराव."

फक्त एका माणसाला त्याने अजून चेहरा दाखवला नव्हता, आणि खरं तर सगळ्यांच्या आधी त्या माणसाचा हक्क होता.

हेमलता टिपणीस. नाशिकच्या कलाशाळेत शिकवायच्या आणि उभी हयात आंबेदऱ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करण्यात गेलेली. गोरख विशीत असताना त्यांच्यासाठी आरसा धरायचा. तेव्हा लेण्यात दिवे लावायला बंदी होती. दाराशी आरसा धरून ऊन आत पाठवायचं, आत पांढऱ्या चादरीवर घ्यायचं आणि त्या मऊ उजेडात ताई चित्र उतरवायच्या. सूर्य सरकला की गोरखने सरकायचं. चित्र बघायचं कसं हे त्याला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच कडक नियम होता, जे भिंतीवर नाही ते कागदावर नाही. नकला करणारे दुसरे लोक पुसलेला हात अंदाजाने पुरा करायचे, गेलेलं नाक बसवून द्यायचे. हेमाताई त्यांच्याशी भांडायच्या. म्हणायच्या, "आपण भरलं की पुढचा माणूस ते खरं समजेल. मग खरं कुठलं हे कोणालाच कळणार नाही." त्यांच्या झारीवालीला म्हणूनच चेहरा नव्हता. पुरुषभर उंचीच्या त्या नकलेत रेषन् रेष होती, आणि मानेच्या वर कोरा कागद.

काडी आली तेव्हा गोरखने पहिला फोन त्यांना केला होता. "ताई, तिला चेहरा आहे!"

 त्या घाईने म्हणाल्या, "गोरख, काही सांगू नकोस. कसा आहे ते सांगू नकोस. तू सांगितलंस की मी तेच बघेन. माझे डोळे बरे झाले की मी येते."

त्यांच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते. समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा दिसेनासा झाला होता, कडेचं सगळं दिसायचं. झारीवालीसारखंच झालंय माझं, म्हणून त्या हसायच्या. पडद्यात नव्या पेशी रुजवायचे उपचार नुकते सुरू झाले होते आणि त्यांचं नाव प्रतीक्षायादीत होतं. दर पाडव्याला गोरख फोन करायचा आणि त्या विचारायच्या, "आहे ना रे ती?"

"आहे, ताई. तुमचीच वाट बघतेय."

हे तो म्हणायचा तेव्हा ते खरंही होतं. एका पाडव्याला ते खरं राहिलं नाही.

झालं असं, की एका सकाळी शाळेतल्या शिक्षकांचा गट आला होता. गोरखने नेहमीसारखी झारी दाखवली, वेणी दाखवली, श्वास थांबल्याची खात्री केली आणि ठिपका वर नेला. हनुवटी आली, फिकी. ओठ आलेच नाहीत. डोळ्यांवर जांभळट ठिपका नुसता पडून राहिला, कोऱ्या भिंतीवर पडावा तसा. त्याला वाटलं, सेल उतरला. त्याने घाईघाईने सेल बदलला. झारीवरची नक्षी लखलखीत पेटली. चेहरा पेटला नाही.

 अलीकडे तो चेहरा मंद होत चाललाय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण ठिपका जरा जास्त वेळ धरला की भागायचं, म्हणून तो जास्त वेळ धरायचा. पणतीतलं तेल संपत आल्यावर त्याने वात मोठी केली होती.

"दमट हवा आहे आज," तो शिक्षकांना म्हणाला. "कधी कधी उमटत नाही." त्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी वर त्याचं सांत्वनही केलं. त्या सांत्वनाने त्याला उभं राहवेना.

घरी आल्यावर त्याने काड्यापेटी शोधली, सपाट भिंग पुन्हा काडीत बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच चौथ्या लेण्यात अंधारात उभा राहिला. डोळे सरावले. निखाऱ्यासारखी वेणी दिसली, खांदा दिसला. वर काही नाही. संपूर्ण भिंतीची नोंद घ्यायला शास्त्रज्ञांचं पथक यायचं होतं, पण आंबेदरा आडबाजूला, त्याची पाळी अजून आली नव्हती. म्हणजे तो चेहरा आता जगात कुठेच नव्हता. लोकांना त्याने सांगायला सुरुवात केली की चौथ्या लेण्यातला चेहरा दाखवायला तूर्त मनाई आहे, आणि त्याऐवजी तो छताखाली रंगवलेली हंसांची पट्टी दाखवू लागला. पाडव्याला फोन लावताना त्याला वाटलं, आज सांगून टाकू.

"आहे ना रे ती?"

"आहे, ताई."

फोन ठेवल्यावर तो किती तरी वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसून राहिला. आतल्या आत त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की बायकोने "काय झालं?" विचारलं तेव्हा तिच्यावरच खेकसला.

आणि मग ताईंचाच फोन आला. आवाज एखाद्या मुलीसारखा झालेला. "गोरख, मला माझ्या बोटांवरच्या रेषा दिसतायत! डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही. पुढच्या सोमवारी येते. नक्कल गुंडाळून आणते, रंग आणते. तिचा चेहरा तिथेच बसून भरीन. तू फक्त काडी धर, पूर्वी आरसा धरायचास तशी."

गोरख सरळ अशोककडे गेला. ह्या वेळी गाऱ्हाणं ऐकून अशोकने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "दाजी, लोकांनी व्हिडिओ काढले असतील की."

ते खरं होतं. लोकांनी आंबेदऱ्याचे म्हणून टाकलेले व्हिडिओ त्यांनी गोळा केले. बहुतेकांत लोकांनी स्वतःचीच तोंडं काढलेली, मागे कुठेतरी पेटता ठिपका. कुठे गालाचा तुकडा मिळाला, कुठे हनुवटी. डोळ्यांवर ठिपका इतका प्रखर, की कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग. अशोकच्या कॉम्प्युटरने ते तुकडे सांधले आणि उरलेलं आपल्या मनाने भरलं. डोळे सगळेच्या सगळे त्याने भरले, त्याच काळातल्या दुसऱ्या चित्रांवरून. पडद्यावर एक सुरेख चेहरा तयार झाला.

"असाच होता का?" अशोकने विचारलं.

"असाच," गोरख म्हणाला. असाच असेल, असं त्याला वाटलं.

लेझरसमोर धरली की भिंतीवर गणपती नाहीतर बदाम उमटतो अशी चकती मिळते. अशोकने तसलीच चकती कोरली, फक्त तिच्यात हा चेहरा घातला. काडीतला जांभळा लेझर काढून नारिंगी बसवला, भिंगाच्या जागी ती चकती लावली. एकाच काडीला हे तिसरं तोंड. चकती बसवून झाल्यावर अशोक म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान, दाजी." गोरखने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्याच्या आधारानेच त्याला रात्री झोप लागली.

सोमवारी लेणी पर्यटकांना बंद असायची. दुपारी कुठल्याशा संस्थेचा एक गट तेवढा खास परवानगीने यायचा होता. हेमाताई सकाळीच आल्या. काठी टेकत, पण प्रत्येक पायरीकडे, प्रत्येक झुडपाकडे बघत. गोरखचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला. "म्हातारा झालास की रे! मला कोणी सांगितलंच नाही." गोरखला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. तो त्यांची पिशवी घ्यायला वाकला.

चौथ्या लेण्यात त्यांनी नक्कल चौरंगावर पसरली. वाटीत पाणी घेतलं, स्पंज भिजवला, कुंचले मांडले. कागदावरची ती मोकळी जागा गोरखने खूप वर्षांनी पाहिली. ती अजूनही तशीच पांढरी होती, इतकी जपलेली.

"दाखव," ताई म्हणाल्या.

"ताई, आता नवीन आलंय," त्याने तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं. "अख्खा चेहरा एकदम उमटतो." आणि बटण दाबलं.

भिंतीवर चेहरा उमटला. हेमाताईंनी तोंडावर पदर धरला. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, खाली बघत असेल. झारीकडे. ही तर समोर बघतेय." त्यांनी डोळे पुसले आणि कुंचला उचलला.

त्या काढत होत्या आणि गोरख काडी धरून उभा होता. आधी हनुवटी, मग गालाची रेघ. त्यांचा हात वयामुळे थरथरायचा, पण कागदावर टेकला की स्थिर. मध्येच त्या पुटपुटायच्या, "शाबास," चित्राला की स्वतःला कोण जाणे. गोरखच्या मनात घालमेल चालली होती. अजून थांबवता येईल. अजून ओठच झालेत. आता सांगू. पण तो काडी तशीच धरून राहिला. ताई भुवईपर्यंत आल्या आणि थांबल्या. डोळ्यांमधलं अंतर त्यांना मोजायचं होतं. पूर्वीपासूनची त्यांची सवय, भिंतीला न लावता, पण अगदी जवळ बोटं नेऊन अंगठा आणि करंगळीच्या विती-मापाने अंदाज घ्यायचा. त्या उठल्या, भिंतीशी गेल्या आणि हात वर केला.

चेहरा त्यांच्या हातावर पडला.

सुरकुतलेल्या पंज्याच्या मागच्या बाजूवर, शिरांवर, बांगडीवर, नारिंगी डोळे, नाक, ओठ. ताईंनी हात किंचित हलवला. चेहरा हातावरच राहिला. त्यांनी बोटं मिटली, ओठ मिटले. त्यांनी बोटं उघडली. भिंतीत जे असतं ते भिंतीतच उजळतं, हातावर येत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

गोरखने काडी खाली केली. चेहरा घसरत त्यांच्या पायांवरून जमिनीवर गेला आणि विझला.

"कधी संपली?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. अशोकचं दुकान, फुगीर भिंग, दमट हवा, पाडव्याचे फोन. सांगताना त्याला वाटलं, ताई एक मुस्काटात देतील तर बरं होईल.  ऐकून झाल्यावर त्या चौरंगाशी येऊन बसल्या, ओला स्पंज घेतला आणि कागदावरची हनुवटी पुसली. मग गाल. मग ओठ. हलक्या हाताने, कागद फाटू नये म्हणून. ओला डाग राहिला तेवढा.

"ताई, मला माफ..."

"थांब. आधी एक काम कर." त्यांचा आवाज कोरडा होता. "मी तेव्हा म्हटलं होतं, सांगू नकोस. आता सांग. तू तिला हजारदा पाहिलीस. तुझ्याइतकी ती कोणीच पाहिली नाही. ती खाली बघत होती, की समोर?"

गोरखने डोळे मिटले. आधी अशोकच्या कॉम्प्युटरमधला चेहरा आला. तो त्याने बाजूला सारला. त्याच्या मागे काय होतं ते बघायचा प्रयत्न केला. मागून आला तो पहिलवान, तोंड उघडं ठेवून उभा. मग ती नवरी, हातावरची मेंदी तोंडाशी. हात जोडलेला एक म्हातारा. चष्म्यावर नारिंगी ठिपका चमकणारी एक बाई. एकामागून एक, अंधारात भिंतीकडे बघणारे चेहरे. भिंत कुठेच नव्हती. ठिपका डोळ्यांवर नेऊन थांबवला, की तो दर वेळी मागे वळून लोकांकडे बघायचा.

"ताई," तो म्हणाला, "मी तिला पाहिलीच नाही. मी लोकांकडे बघत होतो."

हेमाताईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यांनी शांतपणे कुंचले धुतले, नक्कल गुंडाळली, चेहरा कोरा ठेवून, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

दुपारी तो गट आला. पहारेकऱ्याने हाक मारली. गोरखला वाटलं, पळून जावं, पण ताई पायरीवर बसून होत्या आणि जायची वाट त्यांच्यासमोरूनच होती. तो लोकांना घेऊन आत शिरला. माणसं अर्धवर्तुळात उभी राहिली, काहींनी मोबाइल वर धरले. काडी त्याच्या खिशातच होती.

"इथे एक चेहरा होता," तो म्हणाला. "तो मी संपवला."

पुढचा एक माणूस हसला. त्याला वाटलं, आता गंमत दाखवणार. मागून कोणीतरी म्हणालं, "बरं मग, दाखवा की." पहिल्या रांगेतल्या एका लहानखुऱ्या बाईंनी मात्र हळूच विचारलं, "कसा होता हो?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. गोरखने त्यांच्याकडे पाठ केली आणि चित्राकडे तोंड करून उभा राहिला. झारी होती, मनगट होतं, खांद्यावर वेणी होती. वरच्या पांढऱ्या गिलाव्याकडे तो बघत राहिला, लोकांची चुळबुळ सुरू झाली तरी बघत राहिला.